आईचं माहेरचं नाव

नव्वदचं दशक संपत आलं होतं. डोंबिवलीत तोवर लोक घराच्या पुढच्या खोलीत काढायचे ते पोळीभाजी केंद्र, नाहीतर ब्युटी पार्लर, नाहीतर दहावीचे क्लास. आमच्या तळमजल्यावरच्या वहिनींनी मात्र सासूसासऱ्यांना आतल्या खोलीत हलवलं, पुढच्या खोलीत तीन कॉम्प्युटर मांडले आणि खिडकीवर पाटी लावली : 'इंटरनेट, ईमेल, चॅटिंग. झेरॉक्स नाही.' झेरॉक्स नाही हे लिहावं लागलं, कारण पहिल्या आठवड्यात निम्मी सोसायटी रेशनकार्डाच्या झेरॉक्ससाठीच येऊन गेली होती.

त्या वैशाखात माझं लग्न होतं. मुलगा ठाण्याचा. घोडबंदर रोडला तेव्हा मोठ्या इमारती नुकत्या कुठे उभ्या राहू लागल्या होत्या, त्यातल्या एकीत त्यांचं घर. कंपनी त्याला काही वर्षांसाठी परदेशी पाठवणार होती आणि लग्नानंतर लगेच मीही त्याच्याबरोबर जाणार होते. घरात एकुलती एक मुलगी, तीही विमानात बसून जाणार, म्हणून आई येता-जाता डोळे पुसायची. बाबा डोळे पुसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी ठरवलं, की मी जायच्या आत आपला स्वतःचा ईमेलचा पत्ता झाला पाहिजे.

बाबांबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. ते कळव्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात होते. कामगारांचे हजेरीपट, रजेचे अर्ज, वारस नेमण्याचे अर्ज, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. नोकरी संपली तरी अर्ज काही सुटले नव्हते. सोसायटीत कुणालाही काही भरायचं असलं की तो आमच्याकडे यायचा. बाबांचे नियम ठरलेले. रकाना रिकामा सोडायचा नाही आणि खोटं भरायचं नाही. जिथे लिहिण्यासारखं काहीच नसेल तिथे 'निरंक' लिहायचं. माझ्या शाळेच्या अर्जात 'विशेष प्रावीण्य' या रकान्यापुढे त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात 'निरंक' लिहिलं होतं. पहिलीत जाणाऱ्या पोरीचं प्रावीण्य निरंक! त्यावरून मी त्यांच्याशी कितीदा भांडले असेन. ते म्हणायचे, "मग काय लिहायला हवं होतं? तुला तेव्हा काय येत होतं?"

तर असे बाबा एका संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून माझ्याबरोबर खाली आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत रेशनकार्ड, कारखान्याचं ओळखपत्र आणि स्वतःचे पासपोर्ट साइजचे फोटो.

"काका, हे कशाला?" वहिनींनी विचारलं.

"नवीन खातं उघडायचंय ना."

"अहो काका, इथे काही लागत नाही. नुसतं बसायचं आणि टाइप करायचं."

बाबांना ते पटलं नाही. पुरावा न मागता खातं उघडून देणाऱ्यावर कितपत विश्वास ठेवायचा, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी बसले. मोडेमने किंचाळून घेतलं, लाइन लागली. वहिनींनी आत बघून ओरडून सांगितलं, "आई, फोन उचलू नका हं!" घरात फोन एकच होता आणि आतल्या खोलीत त्यांच्या सासूबाईंच्या हाताशी असायचा. त्यांनी तो उचलला की इकडे सगळं बंद पडायचं.

बाबांनी एका बोटाने आपलं नाव टाइप केलं. मशीनने ते नाकारलं. हे नाव आधीच कुणीतरी घेतलं आहे.

"माझं नाव? कुणी घेतलं?"

"असेल हो जगात कुणीतरी तुमच्याच नावाचा," वहिनी म्हणाल्या. "पुढे एखादा नंबर टाका."

बाबांनी कारखान्यातला टोकन नंबर टाकला. तो मशीनने घेतला आणि बाबा थोडे खुलले. इतकी वर्षं ज्या नंबराने हजेरी लागली तो अजून कुठेतरी चालतोय म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं असावं. पासवर्डची पाळी आली तेव्हा वहिनींनी ताकीद दिली, की हा कुणाला सांगायचा नाही आणि कुठे लिहूनही ठेवायचा नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तोंड फिरव."

"बाबा, मी तुमची मुलगी आहे."

"कुणाला म्हणजे कुणाला. फिरव."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभी राहिले. पडद्यावर अक्षरांऐवजी फुल्या उमटायला लागल्या तेव्हा बाबा दचकले, सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून टाइप करू लागले. वहिनींनी समजावलं तेव्हा कुठे पुढे सरकले.

मग तो प्रश्न आला. मशीनच्या इंग्रजीतून वहिनींनी तो मराठीत सांगितला. "आईचं माहेरचं नाव काय? म्हणजे कसं काका, तुम्ही पासवर्ड विसरलात ना, की ही मशीन तुम्हाला हे विचारणार. तुम्ही उत्तर दिलंत की तिला कळणार हे तुम्हीच. दुसऱ्या कुणाला कसं माहीत असणार?"

बाबांचं बोट कीबोर्डच्या वर तसंच राहिलं. मला वाटलं अक्षर शोधतायत.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

वहिनी हसल्या. "असं कसं काका, आईचं माहेर माहीत नाही?"

"नाही माहीत."

"मग काहीही टाका ना. कुठलंही नाव, आडनाव. शेजाऱ्यांचं टाका. मशीनला काय कळतंय?"

"शेजाऱ्यांचं?" बाबा म्हणाले. "माझ्या आईचं म्हणून?"

तेवढ्यात आत सासूबाईंनी फोन उचलला. लाइन तुटली आणि भरलेलं सगळं, नाव, टोकन नंबर, पासवर्ड, एका क्षणात गेलं. वहिनी आतल्या दाराकडे वळून ओरडल्या. बाबांनी पिशवी उचलली आणि ते उठले.

जिन्यात मी त्यांच्या मागे लागले. मला चीड आली होती. तारीख जवळ येत चाललेली, मेंदी, ब्लाउज, बॅगा सगळं डोक्यावर, आणि हे एका रकान्यापाशी अडून बसलेले.

"बाबा, ते कुणीही तपासत नाही हो."

"तपासत नाहीत म्हणून खोटं भरायचं?"

"मग तुमचं ते निरंक टाका!"

बाबा जिन्याच्या वळणावर थांबले. "निरंक म्हणजे नव्हतंच," ते म्हणाले. "तिला नाव होतं गं. मला माहीत नाही, एवढंच."

बाबांची आई ते चालायला लागले त्याच सुमाराला वारली. मागोमाग वडीलही गेले. बाबांना त्यांच्या आत्याने वाढवलं, कल्याणला पारनाक्यापाशी, आपल्या पोरांबरोबर. बाबांकडची आजी म्हणून मला कुणी माहीतच नव्हतं. फोटो नव्हता, भांडं नव्हतं, लुगड्याची चिंधीसुद्धा नव्हती. सर्वपित्रीला आई एक पान वाढून बाजूला ठेवायची, त्याला आम्ही आजीचं पान म्हणायचो. कावळा लवकर आला की बाबा खूश व्हायचे. तिचं एक नाव बाबांना माहीत होतं आणि अर्जात आईच्या नावाचा रकाना असला की ते तेच लिहीत. पण ते आमच्या घराने तिला दिलेलं. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहून जे देतात, ते. त्याच्या आधी ती कोण होती हा प्रश्न बाबांना आजवर कुणी विचारला नव्हता आणि त्यांनाही पडला नव्हता.

जेवताना ते म्हणाले, "गंमत बघ. आईबद्दल आपल्याला जेवढं माहीत असायला हवं तेवढं आहे, असंच मी धरून चाललो होतो."

आई पोळ्या लाटत होती. ती उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "माझं विचारलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं," आणि तिने आपलं माहेरचं नाव आडनावासकट म्हणून दाखवलं. म्हटलं आणि लाटणं थांबलं. मामा तिला ताई म्हणायचा. त्या नावाने तिला हाक मारणारी एकच बाई, तिची आई, आणि ती जाऊनही बराच काळ लोटला होता. स्वतःच्या तोंडून ते नाव ऐकून तिला काय वाटलं कुणास ठाऊक. तव्यावरची पोळी करपली आणि त्या पोळीवरून तिने मला झापलं.

माझंही नाव ठरलं होतं. होणाऱ्या सासूबाईंनी पत्रिकेवरून अक्षर काढून, चार जणींना विचारून मोठ्या हौसेने शोधलं होतं आणि फोनवर मला सांगितलं होतं. मी "छान आहे" म्हणाले होते. खोटं नव्हतं ते. नाव छानच होतं.

त्या रविवारी बाबा मला घेऊन कल्याणला गेले. एकटे जायला त्यांना धीर होत नव्हता, हे त्यांनी सांगितलं नाही पण मला कळलं. आत्याआजी खाटेवर पाय पसरून वाल सोलत बसलेल्या. भिजवून मोड आणलेले वाल, साल काढून एका पातेल्यात, सालं दुसऱ्या ताटलीत. बाबा शेजारी बसले तसे त्यांनी न बोलता मूठभर वाल बाबांच्या पुढ्यात ओतले. लहानपणापासून तसंच चालत आलेलं. बाबाही सोलायला लागले.

"आत्या, आईचं नाव काय होतं?"

आत्याआजींनी ते नाव सांगितलं, आम्हाला ठाऊक असलेलं.

"ते नाही. ते आपण ठेवलेलं. तिच्या माहेरचं."

"माहेरचं?" त्यांचे हात थांबले. "ते रे कुणाला ठाऊक. मी एवढीशी होते. आम्ही वहिनी म्हणायचो. माझी आई तिला अगो म्हणायची."

"आडनाव?"

"खाडीपलीकडची होती. पलीकडचे म्हणायचे त्या लोकांना. पलीकडचे आले, पलीकडच्यांना पान वाढा, असं. होडीतून आलेलं वऱ्हाड, ते आठवतंय मला. ती गेल्यावर कोणी आलं नाही. कोणी बोलावलं नसेल, काय माहीत."

"गावाला विचारलं तर?"

"कोण आहे आता गावाला? माझ्याहून म्हातारं माणूस उरलंय का कोणी? तुझ्या बापाचं घर पडलं, त्यात आता दुसऱ्यांच्या म्हशी बांधतात." त्या पुन्हा सोलायला लागल्या. "आताच रे काय हे काढलंस? हिचं लग्न तोंडावर आलंय ना?"

बाबांनी ईमेलचं सांगायचा प्रयत्न केला. आत्याआजींना एवढंच कळलं, की कुठल्या तरी कचेरीत अडलंय. "मग सांग त्यांना, आई लहानपणीच गेली म्हणून. माणसं आहेत ना ती?" त्या म्हणाल्या. माणसं नाहीत, हे त्यांना कसं सांगायचं हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

बराच वेळ नुसती सालं निघत होती. मला वाटलं आता उठावं. मग आत्याआजी आपणहूनच बोलल्या.

"एक आठवतं पण. नवी आली ना, तेव्हा हाक मारली की वळायची नाही. विहिरीवर पाणी काढत असली आणि आईने मागनं हाक मारली, तर ही आपली रहाट ओढत्येय. आईला वाटायचं माजोरी आहे, मुद्दाम करत्येय. एकदा पाठीत धपाटा घातलान. मग मलाच धाडायचे, जा, हात लावून बोलव. मी जायची आणि पदर ओढायची. लगेच वळायची. हसायची माझ्याकडे बघून."

"का वळायची नाही?" बाबांनी विचारलं. उत्तर त्यांना कळलं होतं, तरीही विचारलं.

"अरे, नाव नवीन ना. पोरवय. तिला काय कळणार आपल्यालाच हाक मारतायत ते."

"मग कधी वळायला लागली?"

"लागली की. सवय होते. सगळ्यांनाच होते." त्यांनी बाबांपुढची सालं गोळा केली. "तू साल नीट काढत नाहीस अजून."

डोंबिवलीत उतरून घराकडे चालताना, भाजीवाल्यांच्या गर्दीत, बाबा अचानक म्हणाले, "मार खाल्ला तिने त्यापायी."

दिसली नाही, ऐकली नाही, जिचं नावही माहीत नाही अशा एका पोरीची मला इतकी दया आली, की त्या भर रस्त्यात मला रडू फुटलं. बाबांनी मेथीची जुडी घेतली आणि आम्ही घरी आलो.

त्या आठवड्यात मी ठाण्याला फोन लावला. नाव बदलायला नको असं वाटतंय, मी म्हटलं. तो चांगला माणूस आहे, तेव्हाही होता. चिडला नाही.

"मला काहीच प्रॉब्लेम नाही गं," तो म्हणाला. "पण आईने किती हौसेने काढलंय. आमच्याकडच्या पत्रिका नव्या नावाने छापून आल्यात, व्हिसाचे कागद नवीन नावाने चाललेत. आता बदलायचं म्हणजे सगळंच परत. आणि घरात मी तुला तुझ्याच नावाने हाक मारेन की. नाव काय, नुसतं कागदावर."

यावर भांडायला काही जागाच नव्हती. जिथे कुणी वाईट वागत नाही तिथे भांडायचं तरी कुणाशी? मी फोन ठेवला, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. मग तोंड धुऊन मेंदीवालीला फोन केला, ती भाव वाढवून सांगायला लागली तेव्हा तिच्याशी भांडले.

बाबांनाही मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मी बोलू का?" मी नको म्हटलं. त्यांनी बोलावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि त्यांनाही बोलायचं होतं. पण मुलीच्या बापाने लग्नाच्या तोंडावर हा विषय काढायचा म्हणजे काय, हे आम्ही दोघंही जाणून होतो.

लग्न ठाण्यालाच होतं, खोपटच्या एसटी डेपोजवळच्या हॉलमध्ये. मंगलाष्टकांच्या मधूनमधून बाहेरून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मग ताट आलं. तांदूळ पसरलेले, त्यात नवऱ्याने अंगठीने नाव लिहिलं, बायका वाकून वाकून बघू लागल्या, कुणीतरी मोठ्याने वाचलं, टाळ्या पडल्या, पेढे फिरले. मी वर पाहिलं. बाबा जरा लांब उभे होते आणि त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, ताटाकडे होतं. थोड्या वेळाने कुणीतरी ते ताट उचललं आणि हालचालीत तांदूळ आपोआप सपाट झाले.

जेवणं सुरू झाल्यावर मी मैत्रिणींच्या घोळक्यात होते. ऑफिसातल्या कुणाची तरी नक्कल चालली होती आणि मी शालूत घाम येईस्तोवर हसत होते. मागून सासूबाई हाक मारत होत्या, फोटोसाठी, स्टेजवरून. नंतर कळलं की बऱ्याचदा मारली. मला आवाज ऐकू येत होता. हॉलमध्ये कुणीतरी कुणालातरी बोलावतंय, एवढंच मला वाटलं. शेवटी नणंद आली आणि तिने माझा पदर ओढला.

मी वळले. तिच्याकडे बघून हसले.

आणि त्याच वेळी मला पंगतीपाशी उभे असलेले बाबा दिसले. ते वाढायला मदत करत होते, हातात जिलब्यांचं ताट होतं. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी ते ताट टेबलावर ठेवलं आणि ते हॉलच्या बाहेर निघून गेले. मला धावत त्यांच्या मागे जायचं होतं. पण फोटोग्राफर म्हणाला, वहिनी, मान जरा इकडे, आणि मी मान तिकडे केली.

परदेशी जायच्या आधी मी चार दिवस माहेरी आले. हिरव्या चुड्याचे हात घेऊन घरभर फिरत होते आणि आई मला कशालाच हात लावू देत नव्हती. पहिल्याच दिवशी दुपारी बाबा म्हणाले, "चल खाली. खातं उघडून टाकू."

"मिळालं नाव?" मी विचारलं. क्षणभर मला खरंच वाटलं की मिळालं.

"चल तर."

या वेळी पिशवी नव्हती. नाव, टोकन नंबर, पासवर्ड. त्यांनी सांगायच्या आधीच मी कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. मग तो प्रश्न आला. बाबांनी एकेक अक्षर शोधत, इंग्रजी अक्षरांतून पण मराठीत, टाइप केलं : माहीत नाही.

वहिनींनी वाकून पाहिलं. "काका, हे उत्तर आहे?"

"खरं आहे ते," बाबा म्हणाले.

मशीनने घेतलं. तिने का घेऊ नये? खातं उघडलं, बाबांना पत्ता मिळाला, तो त्यांनी माझ्या डायरीत, आईच्या फोनच्या वहीत आणि कपाटाच्या आतल्या बाजूला खडूने लिहिला. पत्ता सांगू नका असं कुणी म्हटलं नव्हतं. पासवर्ड मात्र त्यांनी सांगितल्याप्रमाणे कुठेही लिहिला नाही.

आणि अर्थातच विसरले. निघायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, माझ्यासमोर एकदा स्वतः उघडून दाखवा, म्हणजे मला तिकडे घोर नको. बाबा ऐटीत खाली आले, बसले, टाइप केलं. चूक. पुन्हा केलं. चूक. माझ्या आईची जन्मतारीख होती की लग्नाची, की कारखान्यात लागले त्या दिवसाची, त्यांना काही आठवेना. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला असं बसलेलं मला बघवत नव्हतं. उद्या मी नसणार, हे इथे असेच अडून बसणार आणि मला तिथे बसून काहीही करता येणार नाही.

"काका, घाबरू नका," वहिनी म्हणाल्या. "विसरलो म्हणून इथे दाबा. ती विचारेल."

बाबांनी दाबलं. मशीनने विचारलं. आईचं माहेरचं नाव काय?

बाबांनी चष्मा सारखा केला. एका बोटाने, सावकाश, पुन्हा तेच लिहिलं. माहीत नाही.

पडदा थोडा वेळ पांढरा राहिला. आत कुणी फोन उचलत नाही ना, म्हणून वहिनी दाराकडे बघत होत्या. मग अक्षरं उमटली. उत्तर बरोबर आहे.

"बरोबर आहे म्हणतेय," बाबा म्हणाले.

वहिनी हसायला लागल्या. बाबाही हसले असते तर बरं झालं असतं. ते त्या ओळीकडे बघत बसले. एवढ्या वर्षांत आईबद्दल पहिल्यांदा कुणीतरी काही विचारलं होतं, त्यांच्याकडे देण्यासारखं एवढंच होतं, आणि ते बरोबर ठरलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. मी तोवर बाबांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, चुडा वाजला, आणि मला त्या बांगड्यांचाही राग आला.

"आता नवीन पासवर्ड मागतेय," वहिनी हळूच म्हणाल्या. "या वेळी असा ठेवा काका, की विसरणारच नाही."

"हो," बाबा म्हणाले. त्यांनी रुमालाने डोळे पुसले, मग चष्मा. "असाच ठेवतो. तोंड फिरव गं."

मी कॅलेंडरकडे वळले. मागे एकेक अक्षर पडत होतं, मध्ये बराच वेळ जात होता. वहिनी आत चहा टाकायला गेल्या. मी कॅलेंडरवरच्या तारखा बघत उभी राहिले. उद्याची तारीख बघायची नव्हती म्हणून वारांची नावं वाचत राहिले.

मग कीबोर्डचा आवाज थांबला. बाबांनी मला हाक मारली, माझ्या नावाने, आणि मी लगेच वळले.